दहाव्याचा पाहुणा

कोळसेवाडी, कल्याण पूर्व
रविवार, १२ जानेवारी २०२५

रत्ना,

जयभीम. पहिला शब्द वाचून कागद लगेच मिटू नकोस. तुमच्या लिफ्टमध्ये कोणी वाकून बघत असेल, तर बघू दे.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी दहा ओळी लिहिल्या की तुझ्याकडून एक अंगठा येतो. अंगठ्याशी बोलून कंटाळले, म्हणून पत्र. आठवडाभर कल्याण कोर्टात दुसऱ्यांचे जबाब टाइप करते. रविवारी स्वतःचा लिहिला तर काय बिघडलं?

काल तुझ्या ‘फाटा’चा पहिला भाग झाला. आईने जेवणं लवकर उरकून घेतली होती. शेजारचा प्रफुल्ल बायकोसकट येऊन बसला. शालनबाईंच्या मुलीची कादंबरी आणि मुलाची मालिका, म्हणजे चाळीला घरचंच कार्य. सुरुवातीला माझं नाव आलं, ‘माया ओव्हाळ यांच्या दहाव्याचा पाहुणा या कादंबरीवर आधारित’. प्रफुल्लने टाळ्या वाजवल्या. मग तुझं नाव आलं, ‘पटकथा, संवाद : रत्नदीप जगन्नाथ’. आता टाळ्या वाजवायच्या की नाही ते त्याला कळेना, तो आईकडे बघत राहिला. आई पदराने चष्मा पुसत होती.

बहीण ओव्हाळ आणि भाऊ जगन्नाथ. बघणाऱ्याला नातं कळायची सोय नाही, तुझं काम चोख असतं.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील ताईला खोड काढायची खोडच आहे. वैशाली झालेली मुलगी झकास. हवालदार बाईच्या चालीवर मी पुस्तकात अर्धं पान खर्च केलंय. ती नुसती चौकीच्या पायऱ्या चढली आणि माझं अर्धं पान फुकट गेलं. एवढं मी मान्य करते.

आता वाईट. पुस्तक तुला पाठ आहे, पण मालिका लिहिताना विसरलेलं दिसतं, म्हणून आठवण करून देते. सीताराम मोरे. आडनाव मुद्दाम मोरे, कारण मोरे सगळ्यांत सापडतात. शीळफाट्याजवळच्या नाल्यात त्याचं प्रेत मिळतं. दहाव्याच्या आदल्या दिवशी दारात एक पाहुणा उभा राहतो, आनंदा. गावाकडचा पुतण्या म्हणवतो, ढसाढसा रडतो, आणि लक्ष सगळं खोलीच्या कागदांवर, कारण चाळ पाडून टॉवर होणार आहे. खुनी तोच. पण तो पुतण्या नाही हे कळतं कशावरून? दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोकं भादरून येतो आणि म्हणतो, चला, घाटावर जायचं ना, पिंड ठेवायला. सगळं घर त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे बघत राहतं. कारण घर बौद्ध आहे. सीतारामचं पुण्यानुमोदन आधीच्या रविवारी विहारात झालेलं आहे. त्या घरात कावळ्याची वाट बघणं आजोबांच्या काळातच संपलं, आणि पुतण्याला ते ठाऊक नाही. सीतारामची बायको शालूबाई वैशालीला म्हणते, “हा आपला नाही.” सगळं पुस्तक या तीन शब्दांवर उभं आहे.

गुन्ह्याच्या गोष्टीत वाचकाला फसवायचं, पण सगळं त्याच्या डोळ्यांसमोर ठेवून. म्हणून पहिल्याच प्रकरणात सांगितलंय की बाबासाहेबांची तसबीर काच बदलायला दुकानात गेली आहे आणि भिंतीवर नुसता खिळा आहे. शोकेसमध्ये बुद्ध मात्र आहे. आनंदा तो हातात घेऊन म्हणतो, छान शोपीस आहे. त्याची तरी काय चूक? हल्ली बुद्ध कोणाच्या घरात नसतो? तुमच्या टॉवरच्या लॉबीत कारंज्यासकट बसलाय.

काल मी बघितलं. भिंतीवर तो खिळा आहे, त्याखालचा रंगाचा उजळ चौकोनही आहे. सेट लावणाऱ्याने पुस्तक नीट वाचलेलं दिसतं. पण शोकेसमध्ये बुद्धाच्या जागी बांबूची कुंडी आहे. खिळा ठेवलास आणि बुद्ध काढलास. आता त्या रिकाम्या खिळ्याचं सात भाग काय करणार आहेस, ते बघायला मी बसलेच आहे.

माया जगन ओव्हाळ

*

रविवार, २६ जानेवारी २०२५

रत्ना,

मागचं पत्र परत आलं. पाकिटावर लिहिलंय, या नावाचे कोणी राहत नाही. पोस्टमनचा दोष नाही, तुमच्या गेटवरच्या माणसाकडे जी यादी आहे तिच्यात जगन्नाथ आहे. कोलशेतच्या त्या टॉवरमध्ये ओव्हाळ राहतच नाही म्हणे.

पाकिटावरचं नाव मी बदलणार नाही. तेच पत्र आणि हे पत्र एकाच पाकिटात घालते, वर तेच नाव लिहिते आणि खाली ‘प्राप्ती यांच्याकडे द्यावे’. तुझी बायको कोलशेतच्या कोळीवाड्यातली, गेटवरची अर्धी माणसं तिच्या माहेरच्या ओळखीची. तिच्या नावाने आलेलं कोणी परत पाठवत नाही. लपायचंच होतं तर निदान बायकोच्या गावात लपायचं नव्हतंस.

तिसरा भाग बघितला. मुडदेघरातून बाहेर येऊन शालूबाई बाकावर बसते आणि पिशवीतून सीतारामची चप्पल काढून पुसते, काही बोलत नाही. पुस्तकात मी तिला दीड पान बोलायला लावलंय. तुझं बरोबर, माझं चूक. आई म्हणाली, “हे त्याने माझ्यावरून घेतलंय.” तिचा चेहरा फुलला होता, हेही लिहून ठेवते. फक्त नावावर तिचा राग अजून आहे. शालनवरून शालू, एवढंच सुचलं का तुला, असं ती मला पुस्तक आल्यापासून विचारते.

पण मोरे मंडळी आता कोण झालीत रे? बायका हळदीकुंकू लावतात, दाराला आंब्याची पानं आहेत, कोपऱ्यात देव्हारा आहे. कोणी कोणाला जयभीम म्हणत नाही. गेल्या वर्षी इतक्या दिवसांनी तुझा फोन आला, “ताई, तुझं पुस्तक कोणाला देऊ नकोस, मी करतो.” मी एकच अट घातली होती, दहावा हलवायचा नाही. तू म्हणालास, “अगं, तोच तर जीव आहे.” त्या आनंदात मी कागद न वाचता सही केली. कोर्टात नोकरी करणारी बाई कागद न वाचता सही करते, यावरून काय ते समज.

आता तुला माझी जी दुसरी सही हवी आहे तिच्याबद्दल. प्रकाशकांचा निरोप आला. मालिकेचं चित्र मुखपृष्ठावर घेऊन नवी आवृत्ती काढायची आहे आणि शेवटची प्रकरणं मालिकेसारखी करायची आहेत, म्हणजे वाचकाचा गोंधळ होणार नाही. तसं केलं तर तुमचे निर्माते वैशालीची पुढची दोन पुस्तकं घेतील, आणि घेतली तर दुसरा सीझन तुला मिळेल. तुझाही मेसेज आला : “ताई, प्लीज सही कर. माझं सगळं त्यावर अडलंय.” तीन वर्षांत तू मला लिहिलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

माझं उत्तर नाही असं आहे. पण नुसतं नाही म्हणून पत्र संपवलं तर तू म्हणशील, ताई जळते. म्हणून एक गोष्ट सांगते.

बाबांना मालिका कुठलीही चालायची. ती संपली की ते रिमोट कोणाला द्यायचे नाहीत. नावं वर सरकायला लागली की उठून टीव्हीला नाक लावून उभे राहायचे. तू तेव्हा कुठे कुठे सहायक होतास, तुझं नाव यायचं नाही, तरी ते उभे. वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, दुसरं काम काय, असं आम्ही हसायचो. आणि एक दिवस तुझं नाव आलं. बाबांनी ते मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हा जगन्नाथ कोण?”

मी म्हटलं, चूक झाली असेल, टाइप करणाऱ्याची. टाइप करणाऱ्या मुलीनेच असं सांगितल्यावर त्यांनी मानलं. पुढे प्रत्येक वेळी तुझं नाव आलं की म्हणायचे, अजून सुधारली नाही वाटतं. जाईपर्यंत वाट बघत होते सुधारायची.

माया जगन ओव्हाळ

*

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

रत्ना,

पाकीट पोचलं, प्राप्तीने कळवलं. तुझा अंगठासुद्धा आला नाही, म्हणजे वाचलेलं दिसतंय.

काल पाचवा भाग होता. दहावा.

खडवलीची नदी वरून दाखवलीत, धुकं दाखवलंत, बासरी वाजवलीत. आनंदा ओल्या धोतरात हात जोडून बसलाय. शालूबाई थरथरतेय. पिंडावर कावळा झेपावतो, अगदी लगेच, एका झेपेत, आणि सगळे हुंदके देतात. प्रफुल्लच्या बायकोने डोळे पुसले. आज सकाळी कोर्टातल्या एका बाईचा मेसेज आला, काय सुंदर सीन लिहिलाय तुमच्या पटकथाकाराने.

माझ्या पुस्तकात खुनी ज्या जागी पकडला जातो, त्याच जागी तुझ्या मालिकेत तो सगळ्यात खरा वाटतो. पुरावा होता त्याचा तू प्रसाद करून वाटलास. कापला असतास तर एवढं लागलं नसतं. तुझी सबब मला माहीत आहे, चॅनलने सांगितलं, कोणाच्या भावना दुखायला नकोत, घर ‘सर्वसाधारण’ ठेवा. सर्वसाधारण म्हणजे कोण रे? आपण कोणत्या साधारणात येत नाही?

पण चॅनलवर सगळं ढकलू नकोस. खडवली चॅनलने सुचवलं नाही.

आता मीही आडपडदा ठेवत नाही. पुस्तक आलं तेव्हा सगळ्यांना सांगत होते, कोर्टातल्या एका केसवरून सुचलं. केस वगैरे काही नव्हती. होता तो एक फोटो.

बाबांचं पुण्यानुमोदन विहारात झालं तेव्हा तू होतास, पांढरा सदरा घालून. पाणी ओतलं, वंदना झाली, मग एकेकाला उभं करून विचारलं, जगनदादा कसा होता, सांगा. वर्कशॉपमधले बोलले, प्रफुल्ल बोलला, मी बोलले. तुझं नाव पुकारलं, “रत्नदीप जगन ओव्हाळ.” तू बसल्या जागेवरून हात हलवलास, नको. मला वाटलं, गळा दाटला असेल.

आणि दहाव्या दिवशी प्रफुल्लने फोन आणून दाखवला. सलिल नावाच्या तुझ्या कोणा दोस्ताने फेसबुकवर फोटो टाकलेला. खडवलीचा घाट, तू डोकं भादरून ओल्या धोतरात, शेजारी भटजी, मागे तुझ्या धंद्यातली मंडळी गॉगल लावून. तुझ्या लोकांनी विचारलं असणार, दहावा कुठे आहे, आणि आमच्यात नसतो एवढं म्हणायची तुझी छाती झाली नाही. बापाचं नाव खोटं लावलंस, मग त्या खोट्या बापाचा दहावाही घालावा लागला.

आईने फोटो बोटांनी मोठा करून बघितला. प्रफुल्लला विचारलं, “कावळा शिवला का?” त्याला वाटलं ती टोमणा मारतेय. ती खरंच विचारत होती.

त्याच संध्याकाळी तू घरी आलास, टोपी कानांपर्यंत ओढून. आम्हाला माहीत आहे हे तुला माहीत नव्हतं. आईने ताट वाढलं. मी तो फोटो तुझ्या ताटाशेजारी ठेवायला उठले, तर तिने माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवसापर्यंत दुखत होतं. तू जेवलास, टोपी न काढता. गेलास. तू जिना उतरल्यावर मी म्हटलं, “हा आपला नाही.” आई ताट उचलत म्हणाली, “जेवायला बसलेल्या माणसाला ऊठ म्हणत नाहीत.” बस, एवढंच. पुढे कधी विषय नाही.

म्हणजे ते तीन शब्द माझे होते. पुस्तकात मी ते आईच्या, शालूबाईच्या तोंडी घातले, कारण माझ्यापेक्षा तिच्या तोंडी शोभतील असं वाटलं. आणि आनंदा तू आहेस. झालं, लिहिलं एकदाचं. खून तेवढा मी वरून घातला. माफी मागणार नाही. तू बापाचं नाव बदललंस ते चाललं, मी तुझं बदललं तर एवढं काय?

एकच गोष्ट मला अजून कळलेली नाही. त्या जेवणानंतर तू परत आलाच नाहीस. आम्ही तर तुला एका शब्दाने बोललो नव्हतो. पुस्तकसुद्धा त्यानंतर वर्षाने आलं. मग राग कसला धरलास?

सही करणार नाही.

माया जगन ओव्हाळ

*

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

रत्ना,

आज प्राप्ती येऊन गेली. तुला सांगून आली नव्हती, पण “सांगा त्याला, लपवायला मी काय तुमच्यातली आहे का,” असं म्हणाली. आईने हसून तिच्या पाठीत धपाटा घातला. सुके बोंबील आणि करंदी आणली होती, तिच्या आजीने, आवडाबाईने, स्वतः निवडून दिलेली. वर आजीचा निरोप, जावयाला म्हणावं, खाडीत राहून पाण्याची लाज धरली तर उपाशी मरशील.

सहावा भाग काल झाला, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. पाठलाग चांगला घेतलाय. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये खुन्याची गाडी अडकते आणि सिग्नलवरच्या कॅमेऱ्यात त्याचा चेहरा सापडतो. आयुष्यात पहिल्यांदा त्या ट्रॅफिकचा कोणाला उपयोग झाला. पण मग वैशाली कशाला हवी? कॅमेऱ्यालाच हवालदार करायचं. शालूबाईने घरात बसून ओळखलेला माणूस तू सिग्नलवर ओळखवलास.

ते असो. प्राप्तीचं लिहायला बसलेय.

आईने तिलाही तेच विचारलं, त्या दिवशी कावळा शिवला का. प्राप्तीने सांगितलं. तुम्ही सगळे ताटकळत बसलात. पलीकडच्या पिंडाला शिवला, अलीकडच्या पिंडाला शिवला, बाबांच्या पिंडाकडे एकही फिरकला नाही. भटजी म्हणाले, गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल, मोठ्याने शब्द द्या, पूर्ण करतो म्हणा. गॉगलवाले म्हणाले, बोल ना रे रत्ना. तू तोंड उघडलंस आणि मिटलंस. दुसऱ्यांदाही तसंच झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी नाश्त्याला गेली. तू तिथेच बसून राहिलास. प्राप्तीने विचारलं, काय इच्छा होती बाबांची? तू म्हणालास, “मला माहीत आहे, पण माझ्याने बोलवणार नाही.”

हे ऐकताना मला पाचव्या भागातला तुझा तो कावळा आठवला. अगदी लगेच येणारा, एका झेपेत. तो निर्मात्यांसाठी नव्हता तर. तुझ्या वाट्याला आला नाही, तो तू आनंदाला दिलास.

मी सहा भाग तुला शिव्या घालत बघितले, आणि आज स्वयंपाकघरात जाऊन रडले. कोणाला कळू नये म्हणून बोंबील भाजायला घेतले. त्या वासात कोण कशाने रडतंय, कळत नाही.

आई मात्र रडली नाही. प्राप्तीला म्हणाली, “वेडा आहे. आपल्यात कावळ्याला विचारत नाहीत बाई, माणसाला विचारतात. विचारलेलं ना त्याला, विहारात? तिथे उठला असता तर एका मिनिटाचं काम होतं.”

यामुळे मी विरघळले असं समजू नकोस. तुझा मेसेज परत आलाय, शेवटची तारीख जवळ आलीय, ताई, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस. पोट मलाही कळतं. पण त्या शेवटावर सही केली तर पुढे पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसेल की मोऱ्यांच्या घरात कावळा आला आणि सगळं छान झालं. आपलं घर तिथे नव्हतंच असं ठरेल. टीव्हीवरून तू आपल्याला काढलंस, तिथे मी काही करू शकत नाही. पुस्तकाच्या दारात मी उभी आहे.

प्राप्ती निघताना आईने तिच्याबरोबर तुझ्यासाठी लसणाची चटणी दिली आहे. तेवढी निमूट खा.

माया

*

रविवार, २ मार्च २०२५

रत्ना,

काल शेवटचा भाग झाला. घरात दाटी होती, प्रफुल्लने खालच्या मजल्यावरची मंडळीही बोलावली होती. मी मागे दाराशी उभी होते, शेवट वाईट निघाला तर कोणाला तोंड दाखवायला नको म्हणून.

आनंदाला पकडून नेतात, ते सगळं ठीक. मग वैशाली शालूबाईकडे येते. हा प्रसंग पुस्तकात नाही. शालूबाई ताट उचलतेय, ज्या ताटात आनंदा जेवला होता. वैशाली तिला विचारते, “हा आपला नाही, हे तुम्हाला एकदाही जाणवलं नाही?” शालूबाई ताट मोरीत ठेवते, पाणी सोडते. पाठमोरीच म्हणते, “कळलेलं पहिल्याच दिवशी. पण जेवायला बसलेल्या माणसाला ऊठ म्हणत नाहीत.”

लोकांना ते नुसतं चांगलं वाक्य वाटलं. आईने मान वळवून दाराकडे, माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं, मलाही कळलं.

तू जिना उतरला नव्हतास.

पायरीवर उभा होतास, टोपी घालून, आणि वरचं सगळं ऐकलंस. माझं ऐकलंस, तिचं ऐकलंस. तीन वर्षं मी विचारत होते राग कसला, आणि तू राग धरलेलाच नव्हतास. तुला वाटलं, आपण त्या घरात जेवत होतो ते नुसतं कोणी उठवलं नाही म्हणून. मग परत त्या ताटावर कोणत्या तोंडाने बसायचं? आणि वर्षाने माझं पुस्तक आलं, त्यात तेच तीन शब्द आईच्या तोंडी. तू तर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतंस की ती तसं म्हणालीच नव्हती. तरी एका शब्दाने मला विचारलं नाहीस. मालिकेची वाट बघितलीस, आणि आमची वाक्यं ज्याची त्याला परत केलीस. माझं वैशालीला, आईचं शालूबाईला.

आठ भाग मी पुस्तक आणि मालिका शेजारी ठेवून बघत होते. खिळा, बुद्ध, नदी, कॅमेरा, सगळ्यांत पुस्तक जिंकलं असं अजूनही म्हणते, आणि कुठल्याही कोर्टात म्हणेन. पण त्या एका वाक्याने मालिका पुस्तकाच्या पुढे गेली. ते मला सुचायला हवं होतं. माझ्या कानांवर पडलेलं, माझ्याच घरात.

नावं वर सरकायला लागली. प्रफुल्ल रिमोट उचलत होता, आईने थांबवलं. उठून टीव्हीजवळ गेली, बाबांसारखी. रत्नदीप जगन्नाथ. अजून सुधारलेली नाही.

आता ऐक. प्रकाशकांना मी कळवलंय, मालिकेचा शेवट पुस्तकात येणार नाही. दहावा आहे तिथेच राहील. बुद्ध शोकेसमध्ये राहील आणि खिळाही राहील. तुझा दुसरा सीझन त्यामुळे जाईल. जाऊ दे. ज्या लोकांना घर ‘सर्वसाधारण’ लागतं त्यांच्यासाठी वैशाली नोकरी करणार नाही. तुझ्यासारखं लिहिणाऱ्याला काम मिळतं, चटणी-भाकरी तर इथे आहेच.

पण एक बदल मी करतेय. “हा आपला नाही” हे वाक्य आता पुस्तकातही वैशाली म्हणेल. माझं वाक्य मी मागे घेत नाही, फक्त आईच्या तोंडून काढतेय. शालूबाईच्या तोंडी तुझ्या मालिकेतलं वाक्य जाईल. चोरीचा माल मी वापरत नाही, म्हणून पुस्तकाच्या पहिल्या पानांत एक ओळ छापायची आहे : ‘शालूबाईंचे शेवटचे वाक्य रत्नदीप जगन ओव्हाळ यांनी लिहिले.’ जगन्नाथ चालणार नाही. टाइप मी स्वतः करणार आहे, त्यामुळे चुकीची सबब यावेळी कोणाला मिळणार नाही.

पान छापायला जायला अजून अवकाश आहे. तुला नको असेल तर ओळ काढीन, वाक्यही काढीन, शब्द देते. तुझं नाव तुझं आहे, मी ते तुझ्या मागे चोरून छापणार नाही. पण तो नकार मी फोनवर ऐकणार नाही, मेसेजवर वाचणार नाही, अंगठा तर मुळीच धरणार नाही. घरी यायचं, बाबांच्या फोटोसमोर उभं राहायचं, आणि तिथे सांगायचं, हो की नाही. विहारात विचारलं तेव्हा तू हात हलवलास. कावळ्यासमोर तोंड मिटलंस. मी तिसऱ्यांदा विचारतेय.

हे पत्र आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “बाकी काही लिही, पण जेवायच्या वेळेला ये म्हणावं.”

ताई